फॉरमॅट मारल्यानंतरचा पहिला तास



आज संगणकावर विंडोज नव्याने टाकण्याबद्दल बोलायचं आहे. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, 'फॉरमॅट मारणे'. मशीन हळू झालं, फॉरमॅट मारा. व्हायरस आला, फॉरमॅट मारा. दुकानदार पाचशे रुपयांत मारून देतो, संध्याकाळी लॅपटॉप घरी. मी संगणकाचा इंजिनिअर नाही. बी.ए. करून फौजेत गेलो आणि सगळी नोकरी पायदळात काढली. हे सगळं चुका करत शिकलोय. त्यातली एक चूक बरीच महागात पडली, ती आधी सांगतो.

२०२२ चा उन्हाळा. आमच्या युनिटच्या जुन्या जवानांच्या पेन्शनचं काम 'स्पर्श' पोर्टलवर जात होतं. काही वीरनारी आणि काही वयस्कर जवान यांना ते जमत नव्हतं, म्हणून त्यांची कागदपत्रं स्कॅन करून देण्याचं काम मी अंगावर घेतलं. अकरा कुटुंबांची कागदपत्रं माझ्या लॅपटॉपवर होती. त्याच्या आधी काही महिने हा लॅपटॉप दुकानातून फॉरमॅट मारून आणला होता. मशीन सुरेख चालत होतं. त्यात विंडोज चोरीची होती आणि ती चालावी म्हणून आत एक 'ॲक्टिव्हेटर' टाकला होता. तो चालावा म्हणून विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस बंद करून ठेवला होता. यातलं मला काही माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

पुढचं मात्र मी स्वतःच केलं. स्कॅन केलेली पानं एकत्र जोडायला पीडीएफचं सॉफ्टवेअर हवं होतं. विकत घ्यायचं जिवावर आलं. 'फुल व्हर्जन फ्री' असं शोधलं, झिप फाइल उतरवली. तिला पासवर्ड होता आणि तो पासवर्ड शेजारीच लिहिलेला होता. मला वाटलं, किती व्यवस्थित माणसं आहेत! पासवर्ड एवढ्यासाठीच असतो की अँटिव्हायरसला झिपच्या आत डोकावता येऊ नये, हे नंतर कळलं.

दुपारी चहा घेऊन परत आलो तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली. एकही फाइल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९० डॉलर. खंडणीचा व्हायरस. बॅकअप होता माझा, नव्हता असं नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क होती, पण ती कायम लॅपटॉपला लावलेलीच असायची. तिच्यावरच्या फाइलींनाही तीच चार अक्षरं. त्या डिस्कवर माझ्या वडिलांचं चाळीस मिनिटांचं बोलणं होतं, जुन्या फोनवर रेकॉर्ड केलेलं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते आणि तो फोन मी बदलीत देऊन टाकला होता.

पहिला विचार मनात आला तो हाच की फॉरमॅट मारू. सुदैवाने त्याआधी आमच्याच युनिटच्या एका निवृत्त हवालदाराला फोन केला. तो आता याच कामात आहे. तो म्हणाला, "साहेब, आधी वायफाय बंद करा, डिस्क काढा आणि कशालाही हात लावू नका. फॉरमॅट कुठे पळून जातोय?"

तर फॉरमॅट हे औषध नाही. तो फक्त घर रिकामं करतो. मग त्या रिकाम्या घरात आपण काय परत आणतो आणि कोणत्या क्रमाने आणतो, यावर सगळं ठरतं. हा धडा खरं तर मला वीस वर्षं आधीच मिळाला होता, पण तेव्हा तो नीट कळला नव्हता.

ऑगस्ट २००३. घरी डेस्कटॉप, त्यावर विंडोज एक्सपी, आणि इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून. एके दिवशी नेट जोडलं आणि पडद्यावर चौकट आली: ६० सेकंदांत मशीन बंद होईल. उलटी गिनती सुरू. मशीन बंद, परत सुरू, नेट जोडलं की परत तेच. मी फॉरमॅट मारला. नेट जोडलं, काही मिनिटांत चौकट हजर. दुसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदा मारला. मला वाटायचं, व्हायरस डिस्कमध्ये कुठेतरी खोल लपून बसलाय.

तो डिस्कमध्ये नव्हताच. त्याचं नाव ब्लास्टर. तो इंटरनेटवर फिरत एकेका मशीनचं दार ढकलून बघायचा आणि उघडं सापडलं की आत शिरायचा. तुम्ही काही उघडायची, कशावर क्लिक करायची गरजच नव्हती. मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारा अपडेट १६ जुलैलाच दिला होता, ब्लास्टर पसरायच्या जवळजवळ चार आठवडे आधी. पण माझी सीडी २००१ ची. प्रत्येक फॉरमॅटनंतर मी २००१ चं भोक ताजं करून नेटला जोडत होतो. एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती मुळात बंद असायची. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, सर्व्हिस पॅक २ आला तेव्हा ती आपोआप सुरू राहू लागली. शेवटी इलाज काय निघाला? टेलिफोनची तार काढा, फायरवॉल सुरू करा, मग तार लावा आणि सगळ्यात आधी अपडेट घ्या. विंडोज तीच, सीडी तीच. फक्त क्रम बदलला.

आज तो रस्ता बराचसा बंद झालाय. फायरवॉल मुळातच सुरू असते, घरातला राउटरही थोडा आडोसा देतो. त्यामुळे आज विंडोज टाकताना घरच्या वायफायला घाबरायचं कारण नाही. विंडोज ११ तर टाकतानाच नेट मागते. स्टेशनवरच्या किंवा हॉटेलच्या फुकट वायफायवर मात्र हे काम करू नका. आज व्हायरस येतो तो बहुतेक वेळा आपल्या हातूनच, पेन ड्राइव्हमधून, क्रॅकमधून, 'फुल व्हर्जन फ्री'मधून.

हे फक्त तुमच्या-माझ्या घरात होतं असं समजू नका. २००८ मध्ये अमेरिकेच्या फौजेच्या गोपनीय जाळ्यात एक किडा शिरला तो पश्चिम आशियातल्या त्यांच्या एका तळावर लॅपटॉपला लावलेल्या पेन ड्राइव्हमधून. नोव्हेंबरमध्ये पेंटॅगॉनला पेन ड्राइव्हवरच बंदी घालावी लागली. सफाईच्या मोहिमेला त्यांनी 'बकशॉट यांकी' असं नाव दिलं, आणि दोन वर्षांनी त्यांचे संरक्षण उपमंत्री विल्यम लिन यांनी ही गोष्ट जाहीरपणे लिहिली. एवढी मोठी फौज, एवढे पहारे, आणि शत्रू आला तो आपल्याच माणसाच्या खिशातून.

आता कामाचं बोलू.

पहिला प्रश्न असा की फॉरमॅटची गरज आहे का? मशीन हळू आहे म्हणजे व्हायरस आहे असं नाही. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा, फरक पहिल्याच दिवशी दिसेल. कोपऱ्यात सारख्या 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस' अशा पाट्या येत असतील तर बहुतेक वेळा तुम्हीच कधीतरी एखाद्या साइटला 'अलाव' म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची नोटिफिकेशनची परवानगी काढा, पाट्या बंद. तरीही शंका असेल तर विंडोजच्या सिक्युरिटीत 'ऑफलाइन स्कॅन' आहे. तो मशीन बंद करून, विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी तपासतो. साधारण पंधरा मिनिटं लागतात. पण चोरीची विंडोज असेल, किंवा माझ्यासारखी गत झाली असेल, तर मात्र नव्याने टाकायलाच हवी.

टाकण्याआधीचं काम सगळ्यात मोठं असतं, आणि तेच लोक पाच मिनिटांत उरकतात.

बॅकअप घेताना फक्त आपण तयार केलेल्या वस्तू घ्या: फोटो, पत्रं, हिशोब, रेकॉर्डिंग. प्रोग्राम घेऊ नका. 'सेटअप' नावाचे फोल्डर, जुन्या मित्राने दिलेली सॉफ्टवेअरं, शॉर्टकट, यातलं काहीही नको. ते सगळं नंतर मूळ ठिकाणाहून नवं मिळतं. त्याआधी फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइलींची शेपटी दिसेल असं करा. विंडोज ती लपवते. मग जी फाइल तुम्हाला लग्नाचा फोटो वाटत होती तिच्या शेवटी डॉट ईएक्सई दिसेल. तो फोटो नाही, तो प्रोग्राम आहे. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन फोल्डर विसरू नका, आपली निम्मी दुनिया तिथेच पडलेली असते. टॅली वापरत असाल तर तिचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते आधी बघून ठेवा.

आपल्या मराठी मंडळींसाठी एक खास गोष्ट. अनेकांची जुनी पत्रं, मंडळाचे अहवाल, कुलवृत्तांत श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. ते युनिकोड नाहीत. नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसला की फाइल उघडते, पण पडद्यावर कचरा दिसतो. माणूस घाबरतो, नेटवर 'फ्री फॉन्ट डाउनलोड' शोधतो, आणि कुठल्या तरी साइटवरून फॉन्टच्या नावाखाली भलतंच काहीतरी घरात आणतो. म्हणून जुन्या मशीनवर फॉन्ट जिवंत आहे तोवरच अशा प्रत्येक फाइलची पीडीएफ करून ठेवा. नव्या लिखाणासाठी वेगळं काही टाकावंच लागत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठीचा फोनेटिक कळफलक आतच आहे, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायचा.

बॅकअपच्या दोन प्रती करा. कॉपी झाल्यावर दुसऱ्या मशीनवर चार-पाच फाइली प्रत्यक्ष उघडून बघा. मग दोन्ही डिस्का काढून कपाटात ठेवा. विंडोज टाकताना त्यातली एकही लावलेली नको, कारण पुढे एक पडदा येतो जिथे चुकीची डिस्क पुसली जाऊ शकते.

दुसरं काम बिटलॉकरच्या किल्लीचं. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो. त्याची किल्ली म्हणजे ४८ आकडे. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर ती सापडते. सी ड्राइव्ह पुसून विंडोज टाकली आणि डी ड्राइव्ह कुलूपबंद राहिला, तर ती किल्ली नसताना डी ड्राइव्ह गेलाच म्हणून समजा. आकडे कागदावर लिहा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडून एकदा ताडून घ्या.

आता पेन ड्राइव्ह. तो दुकानदाराचा नको, भाच्याचा नको. किमान ८ जीबीचा आपला रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, कारण त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. ज्या संगणकावर शंका नाही अशा दुसऱ्या संगणकावर बसा आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटचा पत्ता हाताने टाइप करा. शोधून वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका, तिथे नकली पानं असतात. 'मीडिया क्रिएशन टूल' तिथे फुकट आहे.

आणि इथेच मला माझा सगळ्यात जास्त राग येतो. माझा लॅपटॉप विकत घेतला तेव्हा त्यात अस्सल विंडोज होती, पैसे भरलेली. तिची किल्ली मदरबोर्डमध्येच असते. मी दुकानात पाचशे रुपये देऊन माझीच अस्सल विंडोज काढून चोरीची बसवून घेतली! म्हणून आता लक्षात ठेवा: विंडोज टाकताना किल्ली विचारली तर 'माझ्याकडे किल्ली नाही' हा पर्याय निवडा आणि मूळची होती तीच आवृत्ती घ्या. होम होती तर होम, प्रो होती तर प्रो. नेट जोडल्यावर ती आपली आपण अस्सल ठरते.

पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं बटण कंपनीगणिक वेगळं असतं. डेल आणि लेनोव्होला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९. पुढे तो पडदा येतो ज्यात डिस्कचे तुकडे ओळीने दिसतात. व्हायरसमुळे टाकत असाल तर त्या डिस्कचे सगळे जुने तुकडे डिलीट करा, एकच मोकळी जागा उरेपर्यंत, आणि त्यात विंडोज टाका. डी ड्राइव्हही जातो, म्हणून तर आधी बॅकअप. काही लॅपटॉपवर या पडद्यावर डिस्क दिसतच नाही. डिस्क मेलेली नसते, इंटेलचा एक ड्रायव्हर लागतो, तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घेऊन पेन ड्राइव्हवर ठेवायचा. हे एवढं करणं जड वाटत असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये 'रीसेट' आहे. त्यात 'सगळं काढून टाका' आणि 'क्लाउड डाउनलोड' निवडा. साधारण ४ जीबी डेटा जातो. पण मशीन चांगलंच बाधित असेल तर माझा कल पेन ड्राइव्हकडेच.

विंडोज टाकून झाली. आता तो पहिला तास. हात सगळ्यात जास्त शिवशिवतात ते आत्ता. नातवाचे फोटो बघायचे असतात, व्हॉट्सॲप टाकायचं असतं. काही करू नका. सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडा. अपडेट घ्या, मशीन परत सुरू करा, परत तपासा, परत घ्या. दोन-तीन फेऱ्या होतात. 'सगळं अद्ययावत आहे' असं आलं की सिक्युरिटी उघडून रिअल-टाइम आणि टँपर ही दोन्ही संरक्षणं सुरू आहेत का बघा. घरच्या वापराला विंडोजचा आतलाच डिफेंडर पुरतो असं माझं मत आहे. दोन-दोन अँटिव्हायरस टाकून मशीनला दम लावू नका. मग ड्रायव्हर, तेही लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून. मग ब्राउझर. 'ड्रायव्हर अपडेटर', 'पीसी क्लीनर' असलं काही नाही.

यानंतर रोजच्या वापरासाठी दुसरं, साधं खातं काढा, ज्याला प्रोग्राम टाकायचे अधिकार नाहीत. अधिकाराच्या खात्याचा पासवर्ड वेगळा. काही टाकायचं झालं की मशीन तो विचारतं, आणि विचारल्यावर माणूस क्षणभर थांबतो. २०२२ मध्ये मी तसा थांबलो असतो तर कदाचित झिप उघडलीच नसती.

आता बॅकअपची एक डिस्क लावा. उघडू नका. तिच्यावर राइट क्लिक करून पूर्ण स्कॅन, मगच फाइली आत. काम झालं की डिस्क परत कपाटात.

मशीन खरोखर बाधित होतं असं असेल तर पासवर्ड बदलल्याशिवाय काम संपत नाही. माझ्या मशीनवर जो व्हायरस आला त्याच्या बरोबरीने ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही येतात. फाइलींना कुलूप लागलेलं दिसतं, ही चोरी दिसत नाही. आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या किल्ल्या तिथून निघतात. मग बँक. 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्यायही वापरा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन. सर्ट-इनच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची मोफत साधनं आहेत, तीही माहीत असू द्या.

खंडणी मी दिली नाही. अकरा कुटुंबांकडून कागद पुन्हा मागवावे लागले. एका ताईंनी तर सातशे किलोमीटरवरून पोस्टाने परत पाठवले आणि फोन करून वर मलाच विचारलं, "साहेब, तुमचं फार नुकसान नाही ना झालं?" मान खाली घालून ऐकलं.

वडिलांच्या रेकॉर्डिंगचं असं झालं. हवालदाराने बाधित डिस्क पुसू दिली नव्हती. तो म्हणाला, या जातीचा व्हायरस घाईत असतो, प्रत्येक फाइलचे फक्त सुरुवातीचे साधारण दीडशे किलोबाईट कुलूपबंद करतो. पत्रं, छोटी पीडीएफ त्यात अख्खी जातात. पण मोठी एमपी-थ्री फाइल असेल तर उरलेली शाबूत असते. आधी त्या फाइलची वेगळी प्रत काढली, आणि त्या प्रतीवर एक मोफत साधन चालवलं. पहिली दहा सेकंदं गेली. आता रेकॉर्डिंग वडिलांच्या एका वाक्याच्या मधूनच सुरू होतं. सगळ्या खंडणी-व्हायरसांना हा उपाय लागू पडत नाही. काहींची किल्ली पुढे कधीतरी पोलिसांच्या हाती लागते आणि 'नो मोअर रॅन्सम'च्या साइटवर मोफत मिळते. म्हणून बाधित फाइली असलेली डिस्क फेकू नका, पुसू नका. चिठ्ठी लावून बाजूला ठेवा.

एक शेवटचं. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. मशीन अकरावर जात असेल तर न्या. जात नसेल तर मायक्रोसॉफ्टची एक वर्षाची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तीत नाव घाला. अकरा चालत नसलेल्या मशीनवर ती जबरदस्तीने बसवून देणारे 'जुगाड' सध्या खूप फिरताहेत. असा पेन ड्राइव्ह कुणी देऊ केला तर घेऊ नका.

मी एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवल्या आहेत: बिटलॉकरचे ४८ आकडे, विंडोजची आवृत्ती, पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं बटण, आणि शेवटच्या बॅकअपची तारीख. तो कागद पेन्शनच्या फाइलमध्ये पीपीओच्या मागे असतो, कारण आमच्या घरात तेवढी एकच फाइल कधी हरवत नाही.

जय हिंद.